रिकामा रकाना

आम्हा प्रोग्रॅमर लोकांना रिकामा रकाना दिसला की लाल एरर दाखवायची सवय! पण जुन्नर-आंबेगावच्या डोंगरपट्ट्यातला वनहक्काचा दावा घ्या. १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून जमीन ताब्यात आहे, हे आदिवासी दावेदारानं दाखवायचं. कागद नसतो. मग? घोडेगावच्या आदिवासी प्रकल्प कार्यालयात असो की गावात, मुरलेला कर्मचारी नुसतं 'पुरावा आणा' म्हणत नाही. तो विचारतो, "बाबा, हा बांध कधी घातला? ७२ च्या दुष्काळाआधी की नंतर? तेव्हाचं म्हातारं माणूस शेजारी कोण आहे?" २००८ च्या नियमांत घर, बांध, इतर वृद्धांचा लेखी जबाब, सगळं पुरावा म्हणून चालतं. पण हे विचारायला सुचलं नाही, तर कसणाऱ्याचा दावा बुडतो. आता हे सुचणं कोणत्या फॉर्ममध्ये बसवायचं, सांगा बघू!