आधी सोळाने भागा

धारला मुलांना स्प्रेडशीट शिकवताना दशमान संख्या षोडशमानात बदलायची वेळ आली की मी हमखास म्हणायचो, ‘डेकटूहेक्सचे सूत्र लिहा आणि पुढे चला.’ सोळाने भागत जाऊन बाक्या उलट क्रमाने मांडणे ही मला परीक्षेपुरती हमाली वाटे. हे मत बदलले ते बागच्या लाल रंगामुळे.

बाग हे गाव आमच्याच जिल्ह्यातले. तिथल्या ठसेछपाईचे ठळक रंग दोनच. तुरटीचा ठसा ॲलिझरीनच्या भट्टीत उकळला की लाल होतो, काळा लोखंडाच्या गंजातून येतो. एका विद्यार्थ्याने अशा कापडांची यादी एक्सेलमध्ये केली. प्रत्येक नमुन्याशेजारी त्याच रंगाने भरलेला सेल. ऑनलाइन विक्रीसाठी रंगांचे षोडशमान आकडे हवे होते. सेलचा रंग वाचणाऱ्या मॅक्रोने एका लाल सेलचा आकडा दिला ६,६३,७१२. डेकटूहेक्सने त्याचे केले ए२०ए०. पाचच अक्षरे, म्हणून पोराने पुढे शून्य जोडले. रूपांतर बिनचूक, आणि पडद्यावर बागचा लाल चक्क गडद निळा!

त्याचे कारण असे. एक्सेलचा मॅक्रो रंगाचा एकच आकडा बनवतो: लाल, अधिक हिरवा गुणिले २५६, अधिक निळा गुणिले ६५,५३६. म्हणजे लाल अगदी उजव्या टोकाला. वेबला तो डाव्या टोकाला लागतो. सूत्र याबद्दल चकार शब्द काढत नाही, भागाकार मात्र सगळे उघड करतो. ६,६३,७१२ ला सोळाने भागा. बाकी शून्य. भागाकाराला पुन्हा भागा. बाकी दहा, षोडशमानात ए. म्हणजे ए०, म्हणजे १६०. लालचा अंश पहिल्या दोन पायऱ्यांतच हाती येतो, म्हणून लिहिताना तो शेवटी पडतो. ज्याने हे वहीवर केले, त्याला निळ्याचे कोडे पडत नाही.

(दशमान नाणी येण्याच्या, म्हणजे १ एप्रिल १९५७ च्या आधी शाळा शिकलेल्यांना सोळाची धास्ती नव्हती. आण्यांचे रुपये करताना तोच भागाकार असे.)

हजार ओळींची यादी हाताने बदला, असे मी म्हणत नाही. तिथे डेकटूहेक्सच हवे. पण आता माझ्या वर्गात ते दुसऱ्या तासाला येते, पहिला तास वहीचा. शिक्षकांनो, तुम्हीही हा एक तास द्या. आणि रंगांसाठी सूत्र लिहिताना अक्षरसंख्येच्या जागी ६ टाका, मग पहिल्या आणि शेवटच्या जोडीची अदलाबदल करा: ०ए२०ए० चे ए०२००ए.