मोठा आवाज की जवळचे कान?



मागच्या शनिवारी वर्गातून परतताना माझी नऊ वर्षांची लेक गाडीत म्हणाली, "बाबा, मी उत्तर दिलं होतं, पण बाईंना ऐकूच आलं नाही. आता नाही देणार." घरी ती बहुतेक इंग्रजीतच बोलते, त्यामुळे माझ्या पोटात धस्स झालं. हॉल मोठा, मुलं वाढलेली. माझ्यातल्या इंजिनिअरने लगेच तोडगा काढला: बाईंना माईक घेऊन द्यावा!

रात्री लक्षात आलं, ही चूक आम्ही ऑफिसात केलेली आहे. कोपऱ्यातल्या लोकांचं वायरलेस तुटायचं, म्हणून आम्ही अ‍ॅक्सेस पॉइंटची शक्ती वाढवली. त्याचा आवाज कोपऱ्यापर्यंत पोचला, पण लॅपटॉपचा क्षीण आवाज काही परत येईना. शिवाय दूरचा लॅपटॉप सावकाश बोलतो आणि तेवढा वेळ बाकीचे ताटकळतात.

रेडमंडच्या मायक्रोसॉफ्ट रिसर्चमध्ये परमवीर बहल, जितेंद्र पाध्ये (आडनाव वाचून कान टवकारले ना?) आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली वेगळा विचार मांडला. ऑफिसात टेबलाटेबलावर संगणक असतोच. वीज, वायरचं नेटवर्क, सगळं तिथे तयार. त्यालाच यूएसबीचा स्वस्त वायरलेस रेडिओ खोचायचा. मग सिग्नल कुठे पोचत नाही, परवानगीशिवाय कुणी अ‍ॅक्सेस पॉइंट लावला आहे का, हे जवळच्या कुठल्या तरी रेडिओला कळतंच.

२००८ साली पाध्ये आणि इतरांनी अ‍ॅक्सेस पॉइंटच असे दाटीने लावून पाहिले. मात्र नुसती गर्दी चालत नाही. २.४ गिगाहर्ट्झमध्ये एकमेकांत न मिसळणारे चॅनेल तीनच: १, ६ आणि ११. म्हणून कुणी कुठल्या चॅनेलवर बोलायचं, कुणाला कुणाशी जोडायचं, हे ठरवायला त्यांनी एक मध्यवर्ती संगणक ठेवला.

गाव करी ते राव न करी, म्हणतात ते असं.

तेव्हा माईक राहू दे. आपण पालक बाहेर कॉफी पीत गप्पा मारतो, त्याऐवजी पाच-पाच मुलांजवळ एकेकाने बसू या. गट लांब-लांब ठेवायचे, कोण कुठे ते बाईच ठरवतील. शिकवतीलही बाईच, आपण फक्त ऐकायचं.

येत्या शनिवारी मी येतोय. आणखी कोण येणार?

– एक पालक