‘आय’ की ‘मी’?

बी.कॉम. होऊन आम्ही कारकून झालो, तेव्हा आपल्याला इंग्रजी येते असा आमचा समज होता. एकदा पत्राच्या मसुद्यात आम्ही लिहिले, ‘प्लीज इन्फॉर्म द मॅनेजर अँड आय.’ ‘आय’ लिहिले की भाषा भारदस्त होते, असे वाटायचे. साहेबांनी सर्वांसमोर ‘आय’भोवती लाल शाईने गोल केला. चूक काय, ते सांगितले नाही. त्या दुपारी डबा तसाच घरी परत नेला.

रात्री मुलीचे व्याकरणाचे पुस्तक उघडले, तेव्हा उलगडा झाला. जोडीतले दुसरे नाव झाकायचे आणि वाक्य वाचायचे. ‘इन्फॉर्म आय’ कोणी म्हणत नाही, ‘इन्फॉर्म मी’ म्हणतात. मराठीत तरी आपण ‘साहेबांना आणि मी कळवा’ कुठे म्हणतो? ‘मला’ म्हणतो. घोटाळा कानाचा आहे. इंग्रजीतला ‘मी’ म्हणजे आपला ‘मला’, आणि आपला कर्ता ‘मी’ म्हणजे त्यांचा ‘आय’. ‘टू’, ‘फॉर’, ‘विथ’, ‘बिट्वीन’ यांच्यापुढेही ‘मी’च येतो, म्हणून ‘बिट्वीन यू अँड मी’. ‘ही’ आणि ‘हिम’, ‘शी’ आणि ‘हर’ यांचेही तेच.

आता वस्तीतल्या संध्याकाळच्या वर्गात आम्ही हेच शिकवतो. वहीत नुसता लाल गोल करीत नाही. शेजारी बसून नाव झाकायला लावतो. मूल स्वतःच चूक सुधारते. पालकांनो, मुले चुकली तर रागावू नका. चूक कुठे आणि का झाली, ते त्यांच्याबरोबर बसून शोधा.