खाडाखोड

बँकेत चिकटलो तेव्हा पहिला धडा मिळाला तो खाडाखोडीचा. चुकलेल्या आकड्याला रबर लावायचं नाही. त्यावर आडवी रेघ मारायची, शेजारी बरोबर आकडा लिहायचा आणि सही ठोकायची. खालचा मूळ आकडा ऑडिटरला वाचता आला पाहिजे. इंटरनेटवर मात्र सगळा कारभार रबराचा! सकाळी एक मजकूर, संध्याकाळी दुसरा. रेघ नाही की सही नाही.

यावर इलाज केला ब्रूस्टर केल नावाच्या अमेरिकन गृहस्थाने. १९९६ साली त्याने सॅन फ्रान्सिस्कोत इंटरनेट आर्काइव्ह ही संस्था काढली आणि जगभरच्या वेबपानांच्या जणू कार्बन कॉप्याच काढायला घेतल्या. २००१ पासून त्या 'वेबॅक मशीन'वर तुम्हाआम्हालाही बघता येतात, तेही फुकट. पानाचा पत्ता टाकला की कॅलेंडर उघडतं; ज्या तारखेवर ठिपका, त्या दिवशीची प्रत हजर. प्रतीच्या पत्त्यात १४ आकडे असतात: वर्ष, महिना, दिवस, तास, मिनिट, सेकंद. आमच्या शिक्क्यावर नुसती तारीख असते आणि तीसुद्धा कधीकधी कालची!

आमच्या मेहुण्याने फ्लॅट घेतला. बुकिंगच्या वेळी बिल्डरच्या पानावर पोहण्याचा तलाव होता. ताबा घेताना तलाव जागेवर नव्हता आणि पानावरही नव्हता. "असं आम्ही कधी म्हटलंच नाही हो," बिल्डरचा मॅनेजर म्हणाला. आता मेहुण्याचे पैसे गेले तर उसने मागायला तो कोणाकडे येणार, हे मला ठाऊक होतं. डबा खाऊन होताच शोधायला बसलो. जुनं पान मिळालं! चित्रं पुष्कळदा या यंत्रातून निसटतात, त्यामुळे तलावाच्या जागी नुसती रिकामी चौकट होती (म्हणजे प्रत्यक्षात आहे तसंच). पण खालचा मजकूर शाबूत. तीन प्रती छापल्या. पुढच्या भेटीत मेहुण्याला खुर्ची मिळाली, त्याच्या पुढच्या भेटीत चहा. तलावाची बोलणी चालू आहेत.

हल्ली कुठेही पैसे भरण्याआधी मी त्या पानाची प्रत स्वतःच 'सेव्ह पेज नाऊ'वर काढून ठेवतो.

सौ. हे सगळं ऐकत होती. म्हणाली, "मग लग्नाच्या साइटवर तुम्ही लिहिलं होतंत ना, 'स्वयंपाकाची आवड', तेही सापडेल?"

पासवर्डामागची पानं या यंत्राला सहसा दिसत नाहीत. मी तिला ते दोनदा समजावून सांगितलं.