नमुन्याची सही

निजामी अमलात दफ्तरी मोमिनाबाद म्हणून नोंदल्या गेलेल्या आमच्या अंबाजोगाईत, तहसील कचेरीचा अव्वल कारकून म्हणून माझी हयात फेरफार आणि पंचनामे लिहिण्यात गेली; त्यामुळेच असेल, परंतु कंपवाताने, म्हणजे पार्किन्सन्सने, देहात प्रवेश केल्याची वर्दी मला हाताच्या थरथरीने नव्हे, तर अक्षराने दिली. ओळीच्या आरंभी ठसठशीत असलेले अक्षर ओळ संपेतो मुंगीएवढे होई. त्याच्याही आधी हुरड्याच्या आगटीचा वास मला येईनासा झाला होता. मेंदूतील डोपामीन निर्माण करणाऱ्या पेशी क्षीण करणाऱ्या या व्याधीत घ्राणशक्तीही अशी आधीच मंदावू शकते, हे लातूरच्या डॉक्टरांनी पुढे समजावले.

बँकेत निवृत्तिवेतन काढण्यास गेलो असता सही नमुन्याशी जुळेना, तेव्हा खिडकीपलीकडच्या तरुणाने शाईचा पॅड माझ्यापुढे सरकवला. ज्या कुणब्यांची 'निशाणी डावा अंगठा' मी जन्मभर साक्षांकित केली, त्यांच्या अंगठ्यात मला कधीच हीनत्व दिसले नाही. परंतु ज्याला लिहिता येते, त्याला केवळ विलंब लागतो म्हणून लिहू न देणे, यात त्याचे काहीतरी हिरावले जाते, असे मला तेव्हा वाटले व आजही वाटते. त्या दिवशी शाखाधिकाऱ्यांनी मात्र मला खुर्ची दिली, घाई केली नाही आणि नव्या सहीचा नमुना घेतला.

या व्याधीत माणसाला सर्वांत अधिक हवी असते ती सवड. लेव्होडोपाच्या गोळीचा अंमल चढतो व उतरतो. अंमल असेतो मी गुंड्या लावतो, पत्रे लिहितो, योगेश्वरीच्या दर्शनाला जातो, आणि तो उतरला की खुर्चीतून उठणेही दुर्घट होते. प्रथिने व हे औषध आतड्यातून एकाच वाटेने रक्तात शिरू पाहतात, म्हणून गोळी जेवणाच्या बरीच आधी घ्यायची व वरण, पिठले, दूध रात्रीवर ढकलायचे, अशी व्यवस्था आमच्या घरातून लावून दिली. 'अहो, आता नको, अर्ध्या तासाने नाहा,' या पत्नीच्या एका वाक्यात जेवढे वैद्यक आहे तेवढे मला क्वचितच अन्यत्र आढळले. गावाकडचे आप्त खाजकुहिलीच्या बियांचे चूर्ण सुचवतात. त्या बियांत लेव्होडोपा असते हे खरे. परंतु चिमटीत ते किती येईल याचा अदमास नसल्याने, गोळ्या चालू असता ते परस्पर घेणे मला धोक्याचे वाटते.

उंबरठ्यापाशी पाय खिळतात, तेव्हा ओढून नेऊ पाहणाऱ्या हातापेक्षा जमिनीवर आखलेल्या पिवळ्या पट्ट्या आणि मनातला टाळाचा ठेका अधिक उपयोगी पडतात. चेहरा निर्विकार झाल्यामुळे शेजाऱ्यांना मी रागावलो आहे असे वाटे. त्यांना एकदा बसवून सांगितले, प्रश्न मिटला. अक्षरासाठी मी रोज रुंद ओळींच्या वहीत मोठ्याने उच्चारीत, मोठे मोठे लिहितो. लांबलचक वस्त्रावर पंचीकरण लिहून ती पासोडी मागे ठेवणाऱ्या दासोपंतांच्या गावात हा व्यायाम मला परका वाटत नाही.

2016च्या दिव्यांग हक्क कायद्याने मान्य केलेल्या 21 प्रकारांत या आजाराचाही समावेश आहे, हे पुष्कळ रुग्णांच्या कानी गेलेले नसते. वैद्यकीय मंडळाच्या तपासणीनंतर मिळणारा दाखला मात्र अर्ज केल्यावाचून हाती येत नाही, म्हणून भेटेल त्याला मी अर्जाचा मसुदा करून देतो. पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळाच्या सभांना रुग्ण व त्यांची काळजी घेणारे शुभंकर एकत्र जमतात, आणि हृषीकेश पवारांच्या नृत्यवर्गात तर रुग्ण नाचतातही. आमच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयाच्या आवारात महिन्यातून एक सकाळ असे काही व्हावे, हातांच्या खुर्च्या असाव्यात, व्यायाम शिकवणारे कोणी असावे, आणि केज, धारूर, परळीकडून येणाऱ्यांची एस.टी. लक्षात घेऊन वेळ ठरवावी, अशी विनंती मी लिहून ठेवली आहे. खाली सही माझी आहे; आणखी सह्या हव्या आहेत.