फुस्स

तो जुना कार्ब्युरेटर अजून आमच्या गॅरेजच्या फळीवर आहे. दर दिवाळीच्या साफसफाईत बायको विचारते, "हे टाकू का?" मी नको म्हणतो. तो काढून टाकण्याचेच तर ३४० डॉलर मोजलेत!

ओहायोत आमचं घर एका एकरात आहे. म्हणजे चाळीस गुंठे, आणि त्यात पीक काय, तर गवत. एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत ते कापत राहायचं, नाहीतर नोटीस येते. म्हणून बसून चालवायचा मोअर घेतला, सेकंडहँड. दिसतो छोट्या ट्रॅक्टरसारखा, पोटाखाली पाती फिरतात. तीन वर्षं त्याची काही तक्रार नव्हती.

चौथ्या मे महिन्यात नाटक सुरू झालं. किल्ली फिरवली की इंजिन लगेच चालू. पंधरा-वीस मिनिटं झकास. मग आवाज बदलायचा. चढायचा, उतरायचा, पुन्हा चढायचा, दमेकऱ्यासारखा. चोक अर्धा ओढला की जरा सावरायचं, आणि मग बंद. दहा मिनिटं थांबलं की पुन्हा चालू, जणू काही झालंच नाही.

चोक ओढल्यावर सुधारतंय म्हणजे पेट्रोल कमी पडतंय, एवढं मला कळत होतं. सांगलीत मेकॅनिकल केलंय, आणि वडिलांची चेतक आडवी करून किक मारण्यात निम्मं बालपण गेलंय. प्लग बदलला. एअर फिल्टर बदलला. पेट्रोलचा फिल्टर बदलला. फरक शून्य.

शेवटी शेजाऱ्याचा ट्रेलर मागून मोअर दुरुस्तीला नेला. काउंटरवरच्या माणसाने तो चालू केला आणि पाच मिनिटं ऐकला. मी सांगतोय, "पाच मिनिटांत काही होणार नाही, वीस मिनिटं चालवून बघा." तो माझ्याकडे बघतसुद्धा नव्हता. इंजिन बंद करून त्याने विचारलं, पेट्रोल किती जुनं? आणि मग एकेक शब्द तोडून, बालवाडीतल्या पोराला सांगावं तसं सांगायला लागला. इथेनॉल. पाणी. शोषतं. कार्ब्युरेटर. जाम. समजलं? अठरा वर्षं मी इथे पंपांची डिझाइनं करतोय. त्याच्यासमोर मी फक्त मान हलवली. ३४० डॉलरपेक्षा ती हललेली मान मला जास्त टोचते.

आठ दिवस मोअर तिकडे आणि मी इकडे इथेनॉलला शिव्या देत. इथल्या पेट्रोलमध्ये साधारण १० टक्के इथेनॉल असतं, मक्यापासून केलेलं. आमच्या घरामागे मैलोन् मैल मकाच आहे. गाड्यांचं त्याने फारसं बिघडत नाही. पण मोअर हिवाळाभर उभा राहतो. पेट्रोल तसंच टाकीत राहिलं तर इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं, आणि कार्ब्युरेटरमध्ये चिकट थर बसतो. हे सगळं मी गावाकडे चुलतभावाला फोनवर ऐकवलं. दादा शांतपणे म्हणाला, "लेका, आमच्या उसाचं बिल त्या इथेनॉलवर निघतंय. त्याला नावं ठेवू नगंस." आपल्याकडे तर आता २० टक्के मिसळतात. मी विषय बदलला.

मोअर घ्यायला गेलो तेव्हा जुना पार्ट परत मागितला. काउंटरवाला चक्रावला. जुना पार्ट हातात घेतल्याशिवाय मेकॅनिकला पैसे देणारा माणूस मी तरी आमच्या गावात पाहिलेला नाही. घरी आलो, कापायला बसलो. एकोणिसाव्या मिनिटाला तेच. चढ, उतार, चढ, बंद.

त्या रात्री गॅरेजमध्ये जुन्या कार्ब्युरेटरची वाटी खोलली. तळ घासलेल्या भांड्यासारखा लख्ख. ना पिवळा थर, ना कचरा. मेन जेट काढून ट्यूबलाइटसमोर धरला. सुईएवढं भोक, अगदी गोल, आणि पलीकडचा उजेड स्वच्छ दिसत होता. बराच वेळ तो तसाच धरून उभा होतो.

पुढच्या शनिवारी इंजिन पुन्हा बंद पडलं. पेट्रोलच संपलं असेल, म्हणून टाकीचं झाकण फिरवलं. फुस्स! बाहेरून आत हवा ओढली गेली. टाकी अर्धी भरलेली होती आणि तिचं प्लास्टिक म्हाताऱ्याच्या गालासारखं आत बसलेलं. माझ्यासमोर ते हळूहळू फुगून सरळ झालं. झाकण सैल ठेवूनच चालू केलं. पाऊण तास एकदाही दम लागला नाही. मग मुद्दाम घट्ट लावलं, वीस मिनिटांत मेलं.

झाकणाला हवेसाठी बारीक भोक असतं. त्यात गवताची धूळ बसून ते बुजलं होतं. पेट्रोल जाईल तेवढी हवा आत यायला हवी, नाहीतर टाकीत पोकळी होते आणि पेट्रोल पुढे सरकत नाही. दहा मिनिटं थांबलं की फटीतून थोडी हवा शिरायची, म्हणून पुन्हा चालू. आई तेलाच्या डब्याला दोन भोकं पाडायची, एक तेलाला, एक हवेला. एकच पाडलं तर तेल गुटगुट करत सांडतं, हे मला सहाव्या वर्षी माहीत होतं. आणि पोट भरतो पंपांवर!

तुमचं मशीन थोडं चालून दम टाकत असेल, तर आधी झाकण सैल करून बघा. फुकट आहे.

तो माणूस लबाड होता असं मला आता वाटत नाही. जुन्या पेट्रोलची दहा मशीनं आल्यावर अकरावंही तसंच वाटणार. झाकण तर मीही बघितलं नव्हतं. पण वीस मिनिटं चालवून बघायला काय जात होतं? आणि बिचाऱ्या इथेनॉलचा काही दोष नव्हता, तरी मी हल्ली जास्त पैसे मोजून बिनइथेनॉलचं पेट्रोल आणतो. दादाला सांगितलेलं नाही.

नवं झाकण १४ डॉलरना मिळालं, त्याच दुकानात. भांडायचं ठरवूनच गेलो होतो, जुना जेट खिशात होता. काउंटरवर तोच. त्याने विचारलं, "मोअर कसा चाललाय?"

"फर्स्ट क्लास," मी म्हणालो.

"सांगितलं होतं ना," तो एकेक शब्द तोडत म्हणाला, "इथेनॉल."

मी मान हलवली.