आमचा ताजू, चाचीचा ताजू

सौंसर-पांढुर्ण्याकडच्या आमच्या वयाच्या कुणालाही विचारा, लहानपणी घरात उठता-बसता कुणाकुणाचा धावा व्हायचा. जामसावळीचा मारोती, पांढुर्ण्याची चंडीमाय, शेगावचे गजानन महाराज. आणि त्याच दमात, आवाजात तसूभर फरक न करता, ताजबाबा. नागपूरचे ताजुद्दीन बाबा. हे नाव अरबी आहे आणि ते कुठून कुठून फिरत आपल्या दारात आलंय, असं तेव्हा कुणी आम्हा भावंडांना सांगितलं असतं तर ते खरं वाटलं नसतं. आजीच्या तोंडी इतक्यांदा यायचं की ते घरचंच होतं.

देव्हाऱ्याच्या वरच्या फळीवर बाबांची तसबीर होती. अंगात लांब कफनी, दाढी, आणि कुठेतरी पलीकडे लागलेली नजर. आजी पूजेला बसली की गजानन महाराजांच्या काचेला कुंकू लावायची, मग ओल्या फडक्याला बोटं स्वच्छ पुसायची आणि तेव्हाच बाबांच्या तसबिरीला हात लावायची. त्यांच्यात कुंकू चालत नाही, हे तिला शेजारच्या चाचीनं कधीतरी सांगितलं होतं. म्हणून बाबांना अत्तराचा फाया, एक गुलाब, आणि गुरुवारी निखाऱ्यावर ऊद. बोटं पुसण्याचा तो क्षणभराचा खंड तिनं कधी चुकवला नाही. आमच्यापैकी कुणी घाईत फूल वाहायला गेलं तर ती हात धरायची, ''थांब ना बापा, हात पूस आधी.''

चाचीचं घर भिंतीला भिंत लागून. चाचा कपडे शिवायचे, आणि आमच्या आळीतल्या शाळकरी पोरांच्या खाकी चड्ड्या सगळ्या त्यांच्या मशीनखालून गेलेल्या. थोरल्या काकूची दोन मुलं पाळण्यातच गेली होती. तिसऱ्या खेपेला आजीनं वाकीच्या बाबांना, म्हणजे ताजबाबांनाच, नवस बोलला. मुलगा झाला आणि जगला. पंचांगातून निघालेलं नाव शाळेच्या दाखल्यापुरतं उरलं. घरानं त्याला ताजू म्हटलं ते आजवर. त्याच सुमाराला चाचीलाही मुलगा झाला आणि त्याचं तर कागदोपत्रीच ताजुद्दीन ठेवलं. संध्याकाळी ओसरीवरून हाक गेली की दोघंही पळत यायचे. शेवटी आळीनंच तोडगा काढला: आमचा ताजू, चाचीचा ताजू.

आजीनं काही जगावेगळं केलं नव्हतं. मालोजीराजांनी अहमदनगरच्या शाह शरीफ पिराला नवस केला आणि मुलांची नावं शहाजी आणि शरीफजी ठेवली, हे आपल्याकडे शाळेतल्या मुलालाही ठाऊक असतं. शरीफ हे अरबी नाव. त्याला आपला 'जी' लागला आणि ते भोसल्यांच्या घरात नांदलं. हे शरीफजी 1624 मध्ये भातवडीच्या लढाईत पडले. ग्वाल्हेरचे दौलतराव शिंदे, माउलींच्या पालखी सोहळ्याला आजचं रूप देणारे आरफळचे हैबतबाबा, या दोघांच्या नावांचं मूळही अरबीच. मोहरमात पोराला फकीर करण्याचा नवस फेडता फेडता किती घरांत फकीरा जन्मले त्याची गणती नाही. आमच्या मुलखाचं तर सांगायलाच नको. ज्याच्या राज्यात हा सगळा प्रदेश होता त्या देवगडच्या गोंड राजाचं नाव बख्त बुलंद, आणि त्याच्या गादीवर आलेला चांद सुलतान. नागपूर शहर याच बापलेकांनी उभं केलं. त्यामुळे नाव कुठल्या भाषेतलं, हा प्रश्न आमच्या आधीच्या पिढीला पडलाच नाही. त्यांना एवढंच बघायचं असे की ज्याचं नाव ठेवतो तो माणूस कसा होता.

अर्थ मात्र आजीनं एकदा विचारून घेतला. शेवया वाळत घालता घालता चाचीला म्हणाली, ''सूनबाई, ताजुद्दीन म्हंजे का व?'' चाची म्हणाली, ''ताज मतलब मुकुट, अम्मा. दीन मतलब धरम. धरमचा मुकुट.'' आजी बराच वेळ शेवया सारख्या करत राहिली. मग म्हणाली, ''अन् बाबा त कफनीवर राह्यले. डोक्शावर टोपी बी धड नसे म्हणत.'' चाचीनं मान डोलावली. दोघींना त्या नावाचा अर्थ पुरता कळला होता, असं मला आज वाटतं.

या नावाचा जन्म थाटामाटाचाच आहे. शेवटी 'उद्दीन' असलेली नावं मुळात नावं नव्हतीच, त्या पदव्या होत्या. बगदादच्या खलिफांच्या काळात सरदारांना आधी 'दौला' जोडलेले किताब मिळत. दौला म्हणजे राज्य. पुढे धर्म जोडलेले किताब आले आणि सुलतान, वजीर, काझी, विद्वान सगळ्यांच्या नावापुढे ते लागू लागले. ज्याला जग सलाहुद्दीन म्हणून ओळखतं त्याचं स्वतःचं नाव युसूफ, आणि मौलाना जलालुद्दीन रूमींचं मुहम्मद. हळूहळू किताब हेच नाव झालं, मग बारशालाच ठेवलं जाऊ लागलं. 'ताज' हा शब्दही अरबांनी इराणकडून घेतलेला. दोन मुलखांची अशी सांगड घालूनच ते नाव पुढच्या प्रवासाला निघालं.

दख्खनमध्ये ते आधी राजवाड्यात शिरलं. गुलबर्ग्याचा फिरोजशाह बहमनी, 1397 ते 1422 राज्य करणारा, हा ताजुद्दीन फिरोजशाह. नागपूरला कॉलेजात हे वाचल्यावर सुट्टीत घरी येऊन मी मोठ्या उत्साहानं आजीला सांगितलं की एक बादशहासुद्धा ताजुद्दीन होता. तिनं ऐकून घेतलं. ''असन,'' म्हणाली, ''आपला वाकीचा.''

त्याच्या आधीची, 1971 ची गोष्ट तर आम्हा सगळ्या भावंडांना सारखीच आठवते. लढाईचे दिवस, रेडिओभोवती अख्खी आळी जमलेली. बातम्यांत बांगलादेशचे पंतप्रधान ताजुद्दीन अहमद असं नाव आलं आणि आजी माजघरातून बाहेर आली. ''बाबाचं नाव घेतलं ना त्यानं?'' काकांनी समजावलं की हे दुसरे, तिकडे बंगालातले. त्यानंतर रोज ती बातम्यांच्या वेळेला उंबऱ्यापाशी येऊन बसायची. तो माणूस कोण, त्याचा पक्ष कोणता, तिला काही देणंघेणं नव्हतं. त्या नावाचा माणूस संकटात आहे एवढं तिला पुरे होतं. डिसेंबरात लढाई संपली तेव्हा तिनं गूळ वाटला. 1975 च्या नोव्हेंबरात ढाक्याच्या तुरुंगात ताजुद्दीन अहमदांची हत्या झाली. ती बातमी घरात तिला कुणी सांगितली नाही. त्यांचा जन्म 1925 चा, म्हणजे आमच्या बाबांनी देह ठेवला त्याच वर्षीचा, हे मी फार उशिरा वाचलं. तोवर आजी गेली होती. तिला सांगायला हवं होतं असं अजून वाटतं.

हे नाव गेलं नाही अशी जागा शोधावी लागेल. ब्रुनेईच्या गादीवर 1924 ते 1950 सुलतान अहमद ताजुद्दीन होते. तुर्कस्तानात त्याचा उच्चार ताजेत्तिन होतो, आणि अंकाऱ्याच्या ताजेत्तिन दर्ग्यात राहून मेहमेत आकिफ यांनी तिथलं राष्ट्रगीत लिहिलं, जे 1921 मध्ये स्वीकारलं गेलं. नायजेरियातल्या योरुबा मुसलमानांत ताजुदीन नाव इतकं रुळलेलं आहे की लाडाचं रूप तिकडेही ताजूच. हे कळलं तेव्हा आमच्या ताजूला मी मुद्दाम फोन करून सांगितलं.

पण राजेरजवाड्यांचं हे नाव आमच्या चुलीपर्यंत आलं ते एकाच माणसामुळे. बाबांचा जन्म 1861 चा, कामठीचा. वडील बद्रुद्दीन पलटणीत सुभेदार. म्हणजे बापाच्या नावातला पूर्णचंद्र आणि लेकाच्या नावातला मुकुट. आईबाप लहानपणीच गेले. कामठीच्या आजोळी वाढले, स्वतः पलटणीत गेले, सागरला तैनाती झाली. तिथे त्यांचं चित्त उडालं आणि ते नोकरी सोडून फिरू लागले. कामठीत लोकांनी त्यांना वेडा ठरवलं, आणि 1892 मध्ये नागपूरच्या पागलखान्यात टाकलं. तिथे सोळा वर्षं. लोक मात्र त्यांना भेटायला पागलखान्याच्या दारात रांगा लावायचे. 1908 मध्ये राजे रघुजीराव भोसले त्यांच्यासाठी जामीन राहिले आणि त्यांना शक्करदऱ्याच्या आपल्या वाड्यात घेऊन आले. मराठा राजा एका मुसलमान फकिराला पागलखान्यातून सन्मानानं घरी आणतो, ही घटना मला नागपूरच्या इतिहासातल्या कुठल्याही लढाईपेक्षा मोठी वाटते.

मधली काही वर्षं बाबा वाकीला राहिले, काशिनाथ पाटलांकडे, कन्हान नदीच्या काठी. वाकी सावनेर तालुक्यातली, म्हणजे आम्हाला जवळची. छिंदवाड्याहून नागपूरला जाणारी छोटी लाइन होती. रामाकोना, सौंसर, लोधीखेडा, सावनेर करत गाडी पाटणसावंगीला पोचायची आणि तिथून पुढे पायी नाहीतर बैलबंडीनं. आजीचा बाप तिला खांद्यावर बसवून वाकीला घेऊन गेला होता. ती सांगायची की बाबांनी आंब्याच्या झाडाखालच्या एका जागेला शिफाखाना नाव दिलं होतं, एका जागेला मदरसा, एकीला मशीद. दुखणाईत आला की त्याला शिफाखान्यात बसवायचे, विद्यार्थी आला की मदरशात. बांधकाम काही नाही. झाड, सावली आणि नाव.

त्या मदरशात आम्ही सगळे बसलोय. अकरावी मॅट्रिकच्या आधी घरातल्या प्रत्येक पोराला वाकीला नेण्याची आजीची शिस्त होती, आणि ती नेताना चाचीच्या पोरांनाही बरोबर घ्यायची. शिदोरीत ज्वारीच्या भाकरी, वांग्याचं भरीत, चाचीनं बांधून दिलेला मलिदा. दोन्ही ताजू एकाच वर्षी मॅट्रिकला होते. झाडाखाली शेजारी शेजारी मांडी घालून बसले; एकानं डोळे मिटून हात जोडलेले, दुसऱ्यानं तळवे वर केलेले. आजी बाजूला उभी राहून दोघांच्या वतीनं बाबांशी मोठमोठ्यानं बोलत होती, ''गणितात कच्चे हायत दोघंबी, सांभाळून घे.'' दोघंही पास झाले. चाचीच्या ताजूला गणितात जास्त मार्क पडले, यावर आमच्या ताजूची आजीकडे बरेच दिवस तक्रार होती.

पांढुर्ण्याला दिलेली आत्या मोठ्या लाइनवर राहायची, पण नाव तेच. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीत पळसाचं झाड रोवलं जातं, त्यावर झेंडा लागतो आणि पांढुर्णा-सावरगावची गोटमार सुरू होते. आत्याचे दोघे पोरगे नदीवर गेलेले असायचे. दिवसभर ती दारात उभी. ''चंडीमाय, ताजबाबा, पोट्टे धडधाकट घरी येऊ दे.'' एकदा मोठ्याला कपाळावर दगड लागून टाके पडले, तर म्हणाली, डोळा वाचवला बाबानं.

1956 मध्ये राज्यं नव्यानं आखली गेली. विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि आम्ही मराठी बोलणारे मध्य प्रदेशात राहिलो. नागपूरचे नातेवाईक दुसऱ्या राज्यातले झाले, सरकारी कागद हिंदीत येऊ लागले. लग्नकार्याला जाणं-येणं कमी होत गेलं, पण उर्साला नागपूर कुणी चुकवलं नाही. बाबांचा मुक्काम आता उमरेड रोडवरच्या ताजाबादला. लोक त्याला बडा ताजबाग म्हणतात आणि शक्करदऱ्याच्या वाड्याकडच्या जागेला छोटा ताजबाग. दर चांद्रमासाच्या सव्वीस तारखेला छब्बीसवी होते, कारण बाबा गेले ती तारीख मोहरमची सव्वीस. आजीकडे एकादशी आणि छब्बीसवी दोन्हींचा हिशेब तोंडपाठ असायचा.

छोटी लाइन 2015 मध्ये बंद झाली आणि रुंद रुळांची गाडी आली. 2023 पासून पांढुर्णा जिल्हा झालाय, सौंसरही त्याच जिल्ह्यात. आमच्या घराची वाटणी होऊन अर्धी कौलं उतरली, स्लॅब पडला. चाचीचं घर तसंच आहे. 'उद्दीन' असलेली नावं आता चाचीच्या घरातही कुणी ठेवत नाही. लांब वाटतात, म्हातारी वाटतात. तिच्या ताजूच्या नातवाचं नाव अयान. आमच्याकडची नावं मोबाइलवर शोधून ठेवतात. पोरांचं नाव कुणावरून ठेवलं असं विचारलं तर आईबाप एकमेकांकडे बघतात. मला याचं दुःख होतं, आणि ते मी लपवत नाही. नाव सुंदर असावं, छोटं असावं, पण त्यामागे कुणी माणूस असावा असं मला वाटतं.

दोन्ही ताजू आता सत्तरीला टेकलेत. एकाचा संत्र्याचा बगीचा आहे, दुसऱ्याचं कापडाचं दुकान. मागल्या महिन्यात आमच्या ताजूच्या गुडघ्याचं ऑपरेशन नागपूरला झालं. दवाखान्यात मुक्कामाला राहायला त्याच्या मुलाला सुट्टी मिळेना, तर चाचीचा ताजू राहिला. भरतीच्या कागदावर नातेवाईक म्हणून त्यानं आपलं नाव लिहिलं, पूर्ण, ताजुद्दीन. नर्स आत येऊन म्हणाली, ''ताजू कोण?'' तर पलंगावरून आणि खुर्चीवरून एकदमच ''ओ'' आली. सुट्टी मिळाल्यावर गाडी परस्पर सौंसरला न आणता दोघांनी आधी बड्या ताजबागकडे वळवून घेतली.